मिनेसोटाच्या थंडीत घरचा सेप्टिक टँक कसा सांभाळायचा (नवीन घरवाल्यांसाठी)

डिसेंबरात भारतात जायची तिकिटं काढली असतील तर हे जायच्या आधी वाचा, परत आल्यावर वाचून काही उपयोग नाही. मी परत आल्यावर वाचलं होतं.

आम्ही २०१८ च्या उन्हाळ्यात मिनियापोलिसच्या पश्चिमेला ४० मैलांवर घर घेतलं. एक एकर जागा, मागे झाडं, सगळे खूष. एजंट म्हणाला इथे सिटी सूअर, म्हणजे गावाची सांडपाण्याची लाइन, नाही, सेप्टिक आहे, मी मान डोलावली, कारण आजोळी सुद्धा सेप्टिक टँक होता आणि त्याकडे कोणी कधी ढुंकून पाहिल्याचं मला आठवत नव्हतं. डिसेंबरात पाच आठवडे पुण्याला गेलो, जानेवारीत परत आलो, आणि ३० जानेवारी २०१९ ला इथे उणे २८ फॅरनहाइट झालं, म्हणजे उणे ३३ सेल्सिअस. शाळा बंद, सगळे घरात, वॉशिंग मशीन लावलं आणि बेसमेंटच्या जाळीतून काळं पाणी वर यायला लागलं. वास कसला होता ते लिहीत नाही, तुम्ही जेवत असाल.

त्या दिवशी आलेल्या माणसाने एक वाक्य सांगितलं ते मी अजून विसरलेलो नाही. तो म्हणाला, थंडीने नाही गोठलं, थेंबांनी गोठलं. त्याचा अर्थ पुढे येईलच, कारण खरं तर सगळा विषय तेवढाच आहे.

आधी आपल्या अंगणात काय पुरलंय ते समजून घ्या

घरातून ४ इंची पाइप निघतो तो टँकमध्ये जातो. टँक साधारण १००० गॅलनचा, मोठ्या घराला त्याहून मोठा. त्यात जड गाळ खाली बसतो, तेल-तुपाचा थर वर तरंगतो, मधलं पाणी पुढे जातं. टँकमधून पाणी बाहेर पडतं त्या तोंडाशी बऱ्याच ठिकाणी एक जाळीदार फिल्टर असतो. पुढे ड्रेनफिल्ड, म्हणजे जमिनीत पसरलेले भोकाचे पाइप, आपल्या शोषखड्ड्याचंच काम पण आडवं पसरून केलेलं. मिनेसोटात बऱ्याच ठिकाणी माती चिकणी असते किंवा पाण्याची पातळी वर असते, आणि नियमाप्रमाणे पाणी सोडायच्या थराखाली ३ फूट कोरडी माती लागते, म्हणून मग वाळूचा उंचवटा करतात, त्याला माउंड म्हणतात. अंगणात विनाकारण एक लांबट टेकडी दिसत असेल तर ती टेकडी नाही, माउंड आहे. माउंडला पाणी चढवायला वेगळ्या टाकीत पंप असतो आणि त्याला अलार्म असतो.

हे सगळं कुठे आहे ते घर घेतल्याच्या पहिल्याच उन्हाळ्यात शोधून ठेवा. काउंटीच्या ऑफिसात परमिटचा नकाशा बहुतेक वेळा मिळतो. त्याची झेरॉक्स घ्या, घराच्या कोपऱ्यापासून टँकचं झाकण किती फुटांवर ते टेपने मोजून त्यावर लिहा आणि लाइटच्या मेन पॅनलच्या दाराला आतून चिकटवा. तेव्हा येडपटपणा वाटेल, पण कडाक्याच्या थंडीत, अंधारात, फावडं घेऊन झाकण शोधणारा माणूस मी होतो.

गोठतं का

इथे घराचा पाया घालताना राज्याच्या दक्षिण भागात ४२ इंच आणि उत्तर भागात ६० इंच खोल जातात, कारण जमिनीची गोठण तेवढी खोल जाऊ शकते असं धरलेलं असतं. सेप्टिकचे पाइप त्याहून कितीतरी वर असतात. मग सगळ्यांचेच का नाही गोठत? कारण त्यातून कोमट पाणी भरपूर आणि एकदम जातं, टँकमध्ये जिवाणूंचं काम चालू असतं त्याची थोडी ऊब असते, आणि वर बर्फाची गोधडी असते. हो, गोधडीच. नवीन माणसाला वाटतं बर्फ म्हणजे थंडी, पण भुसभुशीत बर्फात हवा अडकलेली असते आणि ती जमिनीची ऊब धरून ठेवते. वाईट हिवाळा म्हणजे भरपूर बर्फाचा हिवाळा नाही, तर कडाक्याची थंडी आणि जमीन उघडी असा हिवाळा. २०१९ मध्ये आमच्याकडे तेच झालं, फेब्रुवारीत मग बर्फ इतका पडला की ट्विन सिटीजचा (मिनियापोलिस-सेंट पॉल) फेब्रुवारीचा रेकॉर्ड मोडला, ३९ इंच, पण जमीन तोपर्यंत गोठून बसली होती. जेवण उरकल्यावर पानात मीठ वाढावं तसं.

गोठण्याची नेहमीची कारणं मला आता तोंडपाठ आहेत. पाइपवरचा बर्फ तुडवला गेलाय किंवा साफ केलाय. नवीन बसवलेली सिस्टम आहे आणि वर गवतच उगवलेलं नाही. पाइप मध्येच खाली झुकून त्याला झोळ आलाय, तिथे पाणी साठून राहतं. घरात वापर फार कमी आहे. आणि सगळ्यात चोरटं कारण, नळ किंवा फ्लश ठिबकतोय. बादलीभर पाणी पाइपमधून धावत जातं, त्याला गोठायला वेळच मिळत नाही. थेंब मात्र रेंगाळतो, पाइपच्या तळाशी पातळ पापुद्रा होऊन बसतो, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा, मेणबत्तीचं मेण ओघळून साठतं ना अगदी तसं, आणि महिन्याभरात ४ इंची पाइपचा १ इंची पाइप होतो.

आमच्याकडे नळ एकही गळत नव्हता. गळत होती घर गरम करणारी फर्नेस. नवीन हाय एफिशियन्सी फर्नेस गॅस जाळताना पाणी सोडते, आणि ते बारीक नळीतून ड्रेनमध्ये टिपटिप पडत असतं, रात्रंदिवस, घरी कोणी असो वा नसो. आम्ही पुण्यात मिसळ खात होतो आणि इथे पाच आठवडे फक्त ती टिपटिप चालू होती.

ऑगस्ट ते ऑक्टोबर: खरं काम इथेच आहे

ऑगस्ट संपत आला की टँक, पाइप आणि ड्रेनफिल्डवरचं गवत कापणं बंद करा, ६ इंचांपर्यंत वाढू द्या. उंच गवत स्वतः ऊब धरतं आणि वर पडलेला बर्फही अडवून ठेवतं. शेजारी विचारेल मशीन बिघडलंय का, त्याला सांगा सेप्टिक, तो समजून जाईल.

टँक उपसायचा असेल तर याच दिवसांत उपसून घ्या. मिनेसोटाच्या नियमाप्रमाणे दर ३ वर्षांनी किमान तपासणी तरी झालीच पाहिजे, आणि गाळ साठला असेल तर उपसणं. डिसेंबरमध्ये बोलावलं तरी लोक येतात पण झाकण गोठलेलं, माती दगडासारखी, त्याचे जादा पैसे. शिवाय रिकामा टँक परत कोमट पाण्याने भरायला काही दिवस लागतात, ते दिवस थंडीचे नसलेले बरे. मैला उपसणारी गाडी येईल तेव्हा घरात बसू नका, बाहेर उभे राहा आणि विचारा: बॅफल (टँकच्या आत पाइपांच्या तोंडाशी असलेले आडोसे) धड आहेत का, फिल्टर धुतला का, पाइपला झोळ दिसतोय का, झाकणाखाली इन्सुलेशन आहे का. झाकण जमिनीच्या जवळ असेल किंवा वर रायझर म्हणजे उभं नळकांडं बसवलेलं असेल तर त्या नळकांड्यात झाकणाखाली बसेल असं फोमचं इन्सुलेशन त्याच्याकडून घालून घ्या. स्वस्तातलं काम आहे, आणि झाकणातून बरीच थंडी आत उतरते. झाकणाचे स्क्रू घट्ट आहेत ना तेही बघा, लहान मुलं असतील तर दोनदा बघा.

तपासणीचे पाइप असतात ना, जमिनीतून वर आलेले पांढरे, त्यांची टोपणं जागेवर आहेत ना बघा. आमचं एक गवत कापताना फुटलं होतं. उघड्या पाइपातून गार हवा सरळ आत.

गवत विरळ असेल किंवा सिस्टम नवी असेल तर ऑक्टोबरमध्ये ८ ते १२ इंच जाड काड किंवा सुकी पानं पसरायची, टँकवर, पाइपच्या रेषेवर आणि ड्रेनफिल्डवर. पानं सुकी आणि भुसभुशीत पाहिजेत, ओली होऊन दबली की उपयोग संपला. वारा उडवून नेतो म्हणून वर जाळी टाकतात. ताडपत्री टाकून मग ती नीट चिकटून बसावी म्हणून वर चालणारे महाभाग मी पाहिलेत, ते नका करू, दाबलं की हवा गेली आणि हवाच तर हवी असते.

शेवटचं म्हणजे खुंट्या ठोका. टँकपासून ड्रेनफिल्डपर्यंत लाल निशाणाच्या काठ्या. बर्फ पडल्यावर स्नोब्लोअर कुठून न्यायचा नाही, गाडी कुठे लावायची नाही, कुत्र्याला कुठून फिरवायचं नाही हे सगळ्यांना दिसलं पाहिजे. आणि माउंडवर स्लेडिंग करायचं नाही! पोरांना अंगणात तीच एक टेकडी दिसते आणि तिचा उतार घसरगुंडीला अगदी झकास असतो हे मलाही मान्य आहे, पण पाचपन्नास फेऱ्यांत बर्फ दाबून काचेसारखा होतो आणि माउंडचा जो भाग सगळ्यात उघडा तोच आधी गोठतो.

घरातली कामं

ठिबकणारं सगळं शोधा. कमोडच्या टाकीत खायचा रंग टाका, फ्लश न करता १५ मिनिटांनी भांड्यात रंग उतरला तर व्हॉल्व्ह गळतोय. फर्नेसच्या पाण्यासाठी छोटा कंडेन्सेट पंप मिळतो, तो पाणी साठवून मग एकदम सोडतो, थोडा मोठ्या टाकीचा बसवून घ्या म्हणजे थेंबांची बादली होईल. तोपर्यंत नळीखाली खरीखुरी बादली ठेवून ती रोज ओतली तरी चालतं, मी एक अख्खा हिवाळा तेच केलं. बाहेर नळी काढायची आयडिया करू नका, तिचं तोंड गोठलं की फर्नेस बंद पडते, मग सेप्टिकची काळजी करायला तुम्ही घरात राहणार नाही.

कपडे धुणं एका रविवारी सहा लोड असं न करता रोज एक लोड, आणि थंडीत शक्यतो गरम पाण्याचं. रोज थोडं गरम पाणी गेलं की टँक गार पडत नाही. अंघोळीचं पाणी जपून वापरायची आपल्याला सवय असते, तर जानेवारीत ती थोडी सैल सोडा. पण म्हणून नळ चालू ठेवून झोपू नका. घरातले पाण्याचे पाइप गोठू नयेत म्हणून लोक बारीक धार सोडून ठेवतात, सेप्टिकवाल्या घरात ती धार म्हणजे परत तीच थेंबांची गोष्ट, आणि मोठी धार सोडली तर ड्रेनफिल्ड चिखल होऊन बसतं.

आता आपल्या स्वयंपाकघराबद्दल. दिवाळी इथे नेमकी गोठण सुरू व्हायच्या तोंडावर येते. चकलीचं तेल, अनारशाचं तूप, चिकन रश्श्यावरचा तवंग, यातलं काहीही सिंकमध्ये ओतायचं नाही, गार पाइपात ते अर्ध्या वाटेत थिजतं. जुन्या डब्यात ओतून थंड करा आणि कचऱ्यात टाका, कढई आधी पेपरने पुसा. चहाचा चोथा, भाताची शितं, कांद्याची टरफलं गार्बेज डिस्पोजलमध्ये घालायची हौस कमी करा, टँक तेवढा लवकर भरतो. वाइप्सच्या पाकिटावर फ्लश करता येतात असं लिहिलेलं असतं, करू नका. हँड शॉवर लावला असेल तर मात्र बिनधास्त वापरा, त्याने कागदच कमी जातो.

तीसचाळीस माणसांचं हळदीकुंकू असेल तर त्या दिवशी लॉन्ड्री, डिशवॉशर बंद ठेवा एवढंच.

भारतात जाताना

माझ्या मते हा या लेखाचा गाभा आहे, कारण इथली नेहमीची माहिती वाचली तर ती दोन आठवडे फ्लोरिडाला जाणाऱ्यांसाठी लिहिलेली वाटते, आपण जातो ते महिना-दीड महिना आणि नेमके डिसेंबर-जानेवारीत.

पहिला आणि सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे कोणाला तरी घरात राहू द्या. एखादा विद्यार्थी आनंदाने राहतो. ते जमत नसेल तर शेजाऱ्याला किल्ली द्या आणि आठवड्यातून दोन-तीनदा येऊन गरम पाण्याने कपड्यांचा एक लोड लावायला सांगा. नुसता फ्लश करून जाऊ नको म्हणावं, ते पाणी थोडं आणि गार. बदल्यात त्याला येताना चांगले आंबा बर्फीचे दोन बॉक्स.

कोणीच नसेल तर जाण्यापूर्वी टँक उपसून घेण्याचा पर्याय असतो, पण तो आपल्या मनाने करू नका. जमिनीत पाणी वर असेल तर रिकामा टँक वर उचलला जाऊ शकतो, विशेषतः प्लास्टिकचा. जो दरवर्षी तुमचा टँक पाहतो त्याला विचारून ठरवा. थर्मोस्टॅट ५५ फॅरनहाइटच्या खाली नको, फर्नेसच्या नळीखाली पाणी साठवणारा पंप हवाच, आणि घरात येणारं पाणी मेन व्हॉल्व्हला बंद, म्हणजे कुठला नळ मध्येच ठिबकायला लागला तरी काही जाणार नाही.

पाणी उलटं आलं तर

एक, पाणी वापरणं ताबडतोब थांबवा. सगळ्यांनी. डिशवॉशर चालू असेल तर मध्येच बंद.

दोन, बघा की एकच सिंक तुंबलंय का सगळंच. एकच असेल तर घरातलं चोंदणं आहे, नेहमीचा प्लंबर. सगळंच संथ असेल आणि सगळ्यात खालच्या जाळीतून पाणी येत असेल तर बाहेरची भानगड. आणखी एक प्रकार असतो, निचरा होतोय पण गुडगुड आवाज येतोय आणि घरात वास आहे, तेव्हा छतावरच्या हवेच्या पाइपाच्या तोंडाशी वाफेचं बर्फ जमलेलं असू शकतं. निसरड्या छतावर स्वतः चढू नका, बायको हो म्हणाली तरी.

तीन, टँकवरच्या तपासणीच्या पाइपाचं टोपण काढून टॉर्चने पाण्याची पातळी बघता येते. पातळी नेहमीसारखी दिसली म्हणजे अडथळा घर आणि टँकच्या मध्ये आहे. पाणी नेहमीपेक्षा वर, थेट पाइपात चढलेलं दिसलं तर अडथळा टँकच्या पुढे आहे: फिल्टर चोंदलाय, पंप बंद पडलाय, नाहीतर पुढचा पाइप किंवा ड्रेनफिल्ड गोठलंय. नेहमीसारखी म्हणजे किती हे कळायला उन्हाळ्यात एकदा बघून ठेवलेलं पाहिजे, माझ्याकडे ते नव्हतं. पंप असेल तर ब्रेकर पडलाय का तेही बघा, कधीकधी दुरुस्ती तेवढीच असते.

यापुढे तुमचं काम संपलं. मोठं झाकण उघडून आत डोकावू नका, वाकू नका, पडलेली वस्तू काढायला हात घालू नका. आत हायड्रोजन सल्फाइड असतो, एक-दोन श्वासांत माणूस बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. आपल्याकडे टाकीत उतरलेल्या सफाई कामगारांच्या बातम्या येतात, हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणारा २०१३ चा कायदा असूनही येतात, त्यातल्या कित्येकांत असा दुसरा माणूस असतो. मिथेनही असतो, त्यामुळे लायटर, सिगरेट लांब.

चार, लायसन्स असलेल्या सेप्टिकवाल्याला फोन. लायसन्स मिनेसोटा पोल्युशन कंट्रोल एजन्सीचं असतं. त्याला दोनच गोष्टी विचारा: तुमच्याकडे स्टीमर किंवा जेटर (वाफेने किंवा पाण्याच्या दाबाने पाइप मोकळा करायचं यंत्र) आहे का, आणि पाइपात घालायचा कॅमेरा आहे का. काही जणांकडे फक्त उपसायची गाडी असते, तो येतो, टँक रिकामा करतो, पैसे घेतो आणि पाइप गोठलेला तो गोठलेलाच. आमच्याकडे आधी असाच एक येऊन गेला. दुसऱ्याने जेटरची नळी आत घालून गरम पाण्याच्या दाबाने पाइप मोकळा केला, तीन तास लागले, मग कॅमेरा घातला आणि ड्राइव्हवेच्या कडेला, जिथे मी रोज इमानदारीने बर्फ साफ करत होतो, बरोब्बर तिथे पाइपला झोळ दिसला.

ड्रेनफिल्डच गोठलं असेल तर मात्र ते हिवाळ्यात सहसा सुटत नाही. मग टँक नुसता साठवणीचा म्हणून वापरायचा आणि भरला की गाडी बोलवायची, जमीन सुटेपर्यंत. चार माणसांच्या घराला १००० गॅलन म्हणजे आठवडाही पुरत नाही, त्यामुळे तेव्हा कपडे लॉन्ड्रोमॅटला, अंघोळ जिममध्ये, आणि कागदी ताटं. एका ओळखीच्यांनी असे दोन महिने काढले.

आता जे करू नये ते. मीठ, अँटीफ्रीझ, दुकानात मिळणारी जादूची पावडर, यातलं काही टँकमध्ये ओतू नका, गोठलेलं सुटत नाही आणि जिवाणू मरतात, शिवाय ते पुढे जमिनीतल्या पाण्यात जातं आणि तुमची बोअर पन्नास फुटांवर असते. टँकवर शेकोटी पेटवू नका. हसू नका, लोक करतात, पाइप वितळतात. मैला पंपाने अंगणात सोडू नका, बेकायदेशीर आहे.

उन्हाळ्यात कायमचा इलाज

गोठलेली जागा कॅमेऱ्यात कुठे दिसली ते फूट मोजून लिहून घ्या, नाहीतर मे महिन्यात सगळं हिरवंगार झालं की कोणालाच आठवत नाही. झोळ आलेला पाइप खणून परत उताराने बसवायचा, वरून फोमची जाड शीट घालून माती टाकायची, ड्राइव्हवेखालून जात असेल तर इन्सुलेटेड पाइपच घालून घ्यायचा. पंपाच्या पाइपला असा उतार हवा की पंप थांबला की उरलेलं पाणी परत टाकीत यावं, पाइपात उभं राहता कामा नये. आम्ही जूनमध्ये २२ फुटांचा तुकडा बदलला.

गोठण खोल उतरत राहते, त्यामुळे वर ऊन पडलं तरी मार्चमध्येही पाइप गोठतात, काडाचं पांघरूण घाई करून काढू नका. एप्रिलमध्ये माती मोकळी झाली की काढायचं, म्हणजे खालचं गवत उगवतं आणि ड्रेनफिल्ड सुकतं. ते ओलं कुजकं काड मी भोपळ्याच्या आळ्यात टाकतो.